स्क्रीन क्षणभर काळी होते आणि प्रीमिअर बंद पडतो: ड्रायव्हर बदलण्याआधी काय बघायचं

प्रश्न: मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. असेंबल पीसी आहे. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० बारा जीबी, १६ जीबी रॅम, विंडोज ११. फुटेज सोनी ए-७ फोरचं आणि ड्रोनचं. विंडोज अपडेट झाल्यापासून प्रीमिअर प्रो मध्येच बंद पडतो. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते, परत येते, पण प्रीमिअर गेलेला असतो. एक्स्पोर्टलाही कधी कधी तेच. लेटेस्ट ड्रायव्हर टाकून पाहिला, फरक नाही. दुकानदार म्हणतो कार्ड बदला. काय करू?

उत्तर:

कार्ड बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. स्क्रीन काळी होऊन परत येते असं तुम्ही लिहिलंत, त्यातच निम्मं निदान आलं. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कमी पडतो तेव्हा पीसी धाडकन बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. कार्ड पुरतं खराब झालं असेल तर स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसायला लागतात, नाहीतर डिस्प्लेच येत नाही. दोन-तीन सेकंद काळी होऊन पुन्हा जागेवर येणारी स्क्रीन म्हणजे विंडोजने ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःहून पाडला आणि पुन्हा उभा केला.

ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. कार्डाला दिलेलं काम दोन सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर कार्ड अडकलं असं विंडोज धरून चालतं आणि ड्रायव्हर रीसेट करतं. तिचं नाव टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, थोडक्यात टीडीआर. डेस्कटॉप आणि ब्राउझर अशा रीसेटमधून सहज सावरतात. प्रीमिअरचं तसं नसतं. टाइमलाइनच्या फ्रेम, ल्युमेट्रीचे रंग, इफेक्टची अर्धवट झालेली गणितं असं बरंच काही त्याने कार्डाच्या मेमरीत ठेवलेलं असतं. रीसेटबरोबर ते सगळं पुसलं जातं आणि प्रीमिअर कोसळतो. मिनिटभरात असे रीसेट पाचाच्या वर गेले, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून सगळंच थांबवतं.

तेव्हा ड्रायव्हरवरचा तुमचा संशय रास्त आहे. पण ड्रायव्हर अडकला एवढंच आपल्याला कळलं आहे, का अडकला ते अजून कळलेलं नाही. बहुतेकांची घाई नेमकी इथे होते. नवा ड्रायव्हर टाकतात, जुना टाकतात, शेवटी विंडोज फॉरमॅट करतात. तीन गोष्टी एकदम बदलल्या की नेमका कशाने फरक पडला ते कधीच समजत नाही आणि महिन्याभराने तोच त्रास नव्याने सुरू होतो. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच प्रोजेक्ट, टाइमलाइनचा तोच भाग चालवून बघायचा.

डिलिव्हरी डोक्यावर असेल तर हे सगळं उद्यावर ढकला आणि आज काम बाहेर काढा. प्रोजेक्टची एक कॉपी करून ठेवा. फाइल मेन्यूत प्रोजेक्ट सेटिंग्ज, त्यात जनरल, तिथे रेंडररच्या ठिकाणी 'मर्क्युरी प्लेबॅक इंजिन जीपीयू ॲक्सेलरेशन (क्युडा)' असेल ते 'सॉफ्टवेअर ओन्ली' करा. एक्स्पोर्टच्या खिडकीत व्हिडिओच्या एन्कोडिंग सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सला 'हार्डवेअर एन्कोडिंग' असतं, ते 'सॉफ्टवेअर एन्कोडिंग' करा. आता सगळा भार प्रोसेसरवर जाईल. एक्स्पोर्टला कितीतरी पट वेळ लागेल, रात्रभर लावून झोपावं लागेल, पण फाइल हातात येईल. एक बघून घ्या: विकतच्या ट्रान्झिशन पॅकमध्ये 'व्हीआर डिजिटल ग्लिच', 'व्हीआर क्रोमॅटिक ॲबरेशन्स' असे व्हीआर नावाचे इफेक्ट सर्रास वापरलेले असतात. ते कार्डाशिवाय चालतच नाहीत. सॉफ्टवेअर ओन्लीवर त्या जागी इफेक्टऐवजी सूचनेची पट्टी येते, आणि एक्स्पोर्टमध्ये ती तशीच छापली गेली तर नवरा-नवरीच्या एन्ट्रीवर पट्टी! असे तुकडे आधी कार्ड चालू ठेवूनच 'रेंडर अँड रिप्लेस' करून घ्या. छोटा तुकडा असला की तो सहसा निघतो.

आता निदान. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. क्रॅश कधी झाला ती वेळ लक्षात असू द्या आणि त्या मिनिटाच्या नोंदी बघा. 'डिस्प्ले' या सोर्सची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला व पुन्हा सुरू झाला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, तर तो टीडीआर. वाक्यात एनव्हीएलडीडीएमकेएम असं जे अगम्य नाव दिसतं, तो एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा मुख्य भाग. कधी ४१०१ नसते, पण याच नावाच्या १३, १४ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी ओळीने लागलेल्या असतात. त्यांचाही रोख कार्ड अडकण्याकडेच असतो.

मग ॲप्लिकेशन लॉगमध्ये या आणि १००० क्रमांकाची, 'ॲप्लिकेशन एरर' सोर्सची नोंद शोधा. तिच्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते. ही ओळ वाचणं फार मोलाचं आहे. फाइलचं नाव एनव्ही या दोन अक्षरांनी सुरू होत असेल तर प्रोग्राम ड्रायव्हरच्या हद्दीत पडला. तिथे एखाद्या प्लगिनचं नाव असेल, उदाहरणार्थ नॉइज काढणाऱ्या किंवा त्वचा गुळगुळीत करणाऱ्या, तर आधी ते प्लगिन अपडेट करा किंवा काढा, ड्रायव्हरला हात लावू नका. सिस्टिम लॉगमध्ये फक्त 'कर्नेल पॉवर ४१' असेल आणि ४१०१ कुठेच नसेल, तर वीजपुरवठ्याकडे बघा. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, रॅम किंवा स्लॉट अशा हार्डवेअरची तक्रार आहे.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत उपयोगी वाटते आणि तिला पैसाही लागत नाही. एक्स्पोर्ट दर वेळी त्याच जागी पडतं की वेगवेगळ्या जागी? टाइमलाइनवर प्लेहेड, म्हणजे चालू जागा दाखवणारी उभी रेघ, कुठे होतं ते कागदावर लिहून ठेवा. त्याच जागी पडत असेल तर दोष त्या क्लिपमध्ये किंवा तिच्यावरच्या इफेक्टमध्ये आहे. कधी इथे, कधी तिथे असेल तर ड्रायव्हर, उष्णता, वीज, रॅम यांच्याकडे वळायचं.

तुमच्या फुटेजमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, हे इथे कामाला येतं. ए-७ फोरवर ४के १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती ४:२:० पेक्षा जास्त साठवणारा प्रकार) शूट केलं असेल, तर ते फुटेज उलगडणारं, म्हणजे डिकोड करणारं, सर्किट आरटीएक्स ३०६० मध्ये नाहीच. एनव्हिडियाने ते ५० सीरिजपासून दिलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला एचईव्हीसीचं (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत, एच.२६५) ४:२:२ जमतं, पण तुमच्या रायझन ५६०० ला अंगभूत ग्राफिक्सच नाही. म्हणून सोनीच्या क्लिपचा सगळा भार प्रोसेसर वाहतो. त्या क्लिपवर टाइमलाइन अडखळते, चाक फिरत राहतं, पण त्यामुळे सहसा ड्रायव्हर पडत नाही. तो त्रास वेगळा आहे आणि त्याचं औषध प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या कॉपी. कोणताही ड्रायव्हर टाकलात तरी सोनीचं फुटेज सुरळीत होणार नाही, तेव्हा ड्रायव्हर चांगला की वाईट हे त्यावरून ठरवू नका.

ड्रोनच्या क्लिप साधारणपणे एचईव्हीसी ४:२:० असतात, आणि त्या मात्र कार्डच उलगडतं. प्लेहेड ड्रोनच्या शॉटवर असतानाच क्रॅश होत असेल, तर एडिट मेन्यूतून प्रेफरन्सेस, त्यात मीडिया, तिथे हार्डवेअर डिकोडिंगच्या चौकटीतली एनव्हिडियाची खूण काढा आणि प्रीमिअर बंद करून पुन्हा उघडा. तोच भाग सलग चालवा. आता पडत नसेल तर दोष ड्रायव्हरच्या डिकोडिंगच्या वाटेत आहे हे नक्की झालं. ड्रोनच्या तेवढ्या क्लिप प्रोरेसमध्ये बदलून घेतल्या तरी काम चालतं. लग्नात ड्रोनचे शॉट असतात मोजकेच.

मेमरीही एकदा बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयू उघडलं की खाली 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' दिसते. ४के टाइमलाइनला १२ जीबी पुरेशी आहे. तरीही ती काठोकाठ भरत असेल तर मागे आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप, क्रोमच्या ढीगभर टॅब असं काय काय उघडं आहे ते तपासा. ४ जीबीच्या कार्डावर मात्र ही पहिली शंका घ्यायची.

हे झाल्यावरच ड्रायव्हर. आधी सध्या कोणता बसलाय ते बघा, कारण तुम्ही 'लेटेस्ट' टाकला असलात तरी विंडोज अपडेटने मागाहून दुसराच बसवलेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्स, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब. तिथे ३१.०.१५.५२२२ असा लांबलचक आकडा असतो आणि तो एनव्हिडियाच्या साइटवरच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात. मधले टिंब काढून शेवटचे पाच अंक घ्या: ५५२२२. म्हणजे ड्रायव्हर ५५२.२२. आता त्याची तारीख बघा. ती विंडोज अपडेटच्या दिवसांशी जुळते का, आणि तुम्ही टाकलेला आकडा हाच का, याचं उत्तर तिथल्या तिथे मिळेल. त्याच टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण उजळलेलं असेल तर आधी तेच दाबून बघा. अपडेटनंतर सुरू झालेला त्रास अनेकदा एवढ्यानेच मिटतो.

रोल बॅकने काम झालं नाही तर स्वच्छ इन्स्टॉल. एनव्हिडियाच्या साइटवर एकाच कार्डासाठी दोन तऱ्हेचे ड्रायव्हर मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. गेम रेडी नव्या खेळांच्या तारखा गाठत येतो. स्टुडिओ २०१९ मध्ये सुरू झाला, तो कमी वेळा येतो आणि एडिटिंगच्या प्रोग्रामवर अधिक तपासून येतो. ज्याचं पोट एडिटिंगवर आहे त्याने स्टुडिओच घ्यावा. सगळ्यांत नवाच हवा असंही नाही. तुमचा प्रीमिअर ज्या महिन्याचा आहे, त्याच्या आसपासचा स्टुडिओ ड्रायव्हर मी आधी लावून बघतो.

तो डाउनलोड करून ठेवा आणि मगच जुना काढा. काढायला डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन वापरतात. नेटची केबल काढा, वाय-फाय बंद करा, नाहीतर जुना ड्रायव्हर निघाल्या निघाल्या विंडोज स्वतःच्या मनाने दुसरा आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जायचं आहे: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. विंडोज ११ वर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच काढून कागदावर उतरवून ठेवा. ऐन वेळी ती सापडली नाही तर ड्राइव्हमधलं सगळं फुटेज अडकतं, म्हणून हे आवर्जून सांगतोय. डीडीयूमध्ये 'क्लीन अँड रीस्टार्ट' करा, पीसी चालू झाला की नवा ड्रायव्हर टाका. टाकताना 'एक्स्प्रेस' न निवडता 'कस्टम' निवडा आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. मग नेट जोडा. प्रीमिअरमध्ये मीडिया कॅशे रिकामी करा आणि रेंडरर पुन्हा क्युडावर आहे ना ते बघा. मगाशी सॉफ्टवेअर ओन्ली केलेलं तसंच राहून जातं आणि मग 'नव्या ड्रायव्हरने पीसी स्लो झाला' अशी भलतीच तक्रार सुरू होते.

कार्डावर आफ्टरबर्नरसारखं काही बसवून वेग वाढवला असेल तर तो मूळ पदावर आणा. कंपनीतूनच वेग वाढवून आलेलं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्प मेन्यूत 'डीबग मोड' असतो. तो लावला की कार्ड एनव्हिडियाच्या मूळ वेगावर येतं. त्यावर क्रॅश थांबले तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कार्डाला तो वाढीव वेग झेपत नाही. रॅमचंही तसंच. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) चालू असेल तर एक दिवस बंद करून काम करा. डळमळीत रॅममुळे झालेला क्रॅश दिसायला हुबेहूब ड्रायव्हरच्या क्रॅशसारखा असतो.

वीज आणि उष्णता यांच्यावर आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, काम सर्वांत जास्त तेव्हाच, आणि विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तोही तेव्हाच. एक्स्पोर्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये कार्डाचं तापमान बघा. ते सतत ८० च्या बरंच वर राहत असेल तर कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा आणि कॅबिनेट भिंतीपासून लांब सरकवा. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवला आहे. असेंबल पीसीत बऱ्याचदा कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस असतो, आणि त्याच्या स्टिकरवरच्या वॉटवर विसंबता येत नाही. शक्य असेल तर मित्राचा चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॉटचा एसएमपीएस लावून एक एक्स्पोर्ट काढून बघा.

टीडीआरचे दोन सेकंद वाढवून दहा करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ग्राफिक्स ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये टीडीआर-डिले नावाची किंमत टाकून ते होतं, आणि जड थ्रीडी कामासाठी काही सॉफ्टवेअर कंपन्याही ते सुचवतात. मायक्रोसॉफ्टच्या मते ही किंमत चाचणीपुरती बदलायची आहे. लांबलचक नॉइज रिडक्शनसारखं काम खरोखरच दोन सेकंदांपेक्षा जास्त घेत असेल, तर तिचा उपयोग होतो. ड्रायव्हरच बिघडलेला असेल तर काळी स्क्रीन दोनऐवजी दहा सेकंदांनी येईल, इतकाच फरक. तुमच्या बाबतीत मी ती शेवटी ठेवेन, आणि रजिस्ट्रीचा बॅकअप घेतल्याशिवाय करणार नाही.

वेगळी मशीन असलेल्यांसाठीही थोडं लिहितो. लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स असतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स उघडून प्रीमिअरला 'हाय परफॉर्मन्स' लावा, आणि इंटेल किंवा एएमडीचा अंगभूत ड्रायव्हरही तितकाच ताजा ठेवा, कारण डिकोडिंग बहुधा तिकडे होतं. रॅडिऑन कार्डाला 'ऑप्शनल' ड्रायव्हर न घेता 'रेकमेंडेड' घ्या. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल आणि 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येत असेल तर तो बहुतेक वेळा शब्दशः खरा असतो. टाइमलाइनचं रिझोल्यूशन एचडी करून एडिट करा आणि फक्त शेवटी ४के करा. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मेमरी अँड जीपीयू'त ऑटो काढून क्युडा नक्की करा.

जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही कार्डं गावोगावच्या स्टुडिओंत अजून चालू आहेत. एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. त्याआधीच्या जीटीएक्स ६०० आणि ७०० पैकी बहुतेक कार्डांचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. अशा कार्डावर एडिटिंगचं सॉफ्टवेअर सतत नवं करत राहू नये. जुन्या ड्रायव्हरवर जी आवृत्ती नीट चालते, तीच धरून ठेवावी.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी बायोस अपडेट करावा. २०२४ मध्ये या प्रोसेसरांवर गेम चालवताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असे संदेश येत, एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल होतानाच अडखळे, आणि सगळे कार्डाला दोष देत होते. दोष प्रोसेसरचा निघाला. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं करूनही तुमच्याकडे ४१०१ येतच राहिली तर कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावा, तिथे हाच प्रोजेक्ट चालवा. तिथेही तेच झालं तर दुकानदाराचं म्हणणं खरं. मग विकत घेण्याआधी बिल शोधा आणि वॉरंटी बघा. तोवर कार्डावरचं सिरियल नंबरचं स्टिकर आणि स्क्रूवरचं सील शाबूत ठेवा.

क्रॅश थांबले, की तो ड्रायव्हर तिथेच गोठवा. त्याची इन्स्टॉल फाइल आकड्यासकट वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. हातातलं लग्न डिलिव्हर होईपर्यंत ड्रायव्हर, विंडोज, प्रीमिअर यातलं काहीही अपडेट करू नका. विंडोजने परस्पर ड्रायव्हर बदलू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' उघडून 'नो' निवडा, होम आवृत्तीत सोपा उपाय हाच. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटच्या भागात 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' ही ओळ एनेबल करा, ती जास्त खात्रीची.